ह्यांच्या खुर्चीतला खळगा

आमच्या दुकानात काही फेकायचं नाही, हा ह्यांचा कायदा. लोकांनी टाकलेल्या खुर्च्या आणायच्या, सांगाडा घट्ट करायचा, नवं कापड चढवायचं. जुन्या फोमचा मशीनवर चुरा करून तो उशांमध्ये भरायचा. रंगाचा कंटाळा आला म्हणून कुणी धडधाकट सोफा बदलायला आलं, की हे त्याच्याशीच वाद घालत बसायचे. "अहो, गिऱ्हाईक आहे ते!" म्हणून मी कपाळावर हात मारून घ्यायची. ऐकतील तर शपथ!

हे गेले आणि घरात त्यांची खुर्ची राहिली. बसून बसून मधोमध खळगा पडलेला, डावीकडे जरा जास्तच, कारण ह्यांची बसायची तऱ्हाच तशी वाकडी. दुपारी जेवण झालं की मी गुपचूप त्या खळग्यात जाऊन बसायची. तेवढा वेळ हे घरात असल्यासारखं वाटायचं. पण हे कुणाला सांगणार? या वयात लाज वाटते हो.

परवा बहिणीकडे राहून आले, तर सून दारातच उभी. सगळं काम ह्यांच्याच हाताखाली शिकलेली पोर. चेहरा नुसता फुललेला. "आई, डोळे मिटा बघू!" म्हणत हात धरून आत घेऊन गेली.

डोळे उघडले तर ह्यांची खुर्ची. नवंकोरं निळं कापड, शिवण अगदी सरळ.

"बसा ना! बाबांसारखी जमलीय का सांगा."

मी बसले. बैठक सपाट, टणक.

"जुना फोम कुठाय?"

"पार बसला होता हो तो. चुरा करून उशांमध्ये भरला. सकाळीच टेम्पोने गेल्या उशा."

"अगं, काय केलंस हे!" मी किंचाळलेच. "तेवढेच उरले होते गं ते मला!"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. टेम्पोवाल्याला फोन लावायला धावली. वेडी! कुठल्या उशीत कुठला चुरा, कोण सांगणार? मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"मला वाटलं, तुम्हाला टोचत असेल," म्हणून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले.

तिला काय बोलणार? ह्यांनी शिकवलं तेच तिने केलं, तेही जीव ओतून. मला राग आला तो ह्यांचाच. एवढं चांगलं शिकवलंत कशाला हो तिला?