रोहण्याचं पाणी

"संशोधनाचा विषय?" चारुता मॅडमनी फॉर्मवरून मान वर न काढता विचारलं.

डोमाजींनी थोडा विचार केला. "मीच," ते म्हणाले.

मॅडमचं पेन थांबलं. वर्ध्यातल्या या संस्थेच्या अभिलेखागारात लोक विषय घेऊन येत. कोणी कापूस, कोणी खादी, कोणी जंगलाचे कायदे. स्वतःलाच घेऊन आलेला माणूस त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

"तसं नाही लिहिता येत, काका. फॉर्ममध्ये बसत नाही."

"मंग पदयात्रा लिहा. वर्धा ते मेळघाट. शताब्दीच्या वर्षी, एकोणसत्तर साली निघाली होती ते. मी होतो तिच्यात. माही डायरी तुमच्याजवळ जमा हाये."

मॅडमनी यादी काढली, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा थोडा पडला. "हयात लेखकाची रोजनिशी पाहायची तर लेखकाची लेखी परवानगी लागते."

"लेखक मीच होय."

"हो, पण परवानगी अर्जदाराला द्यायची असते ना."

तेव्हा डोमाजींनी डोमाजींना परवानगी दिली. डावीकडे अर्जदार म्हणून सही केली, उजवीकडे लेखक म्हणून. दोन्ही सह्या थोड्या वेगळ्या आल्या. मॅडमनी उदार मनाने तिकडे दुर्लक्ष केलं.

डोमाजी नगराळे देवळीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी इतरांना कुठे जायचं ते सांगितलं. खिडकीतून भोंग्यावर त्यांचा आवाज सगळ्या स्टँडवर घुमायचा: पुलगाव, रोहणा, आर्वीकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. नोकरी संपेपर्यंत त्यांनी ही गाडी रोज लावली आणि एकदाही तिच्यात बसले नाहीत. बाकीच्या गावांची नावं ते एका दमात म्हणत. रोहण्यापाशी जरासं थांबत. प्रवाशांना वाटे, साहेबांना दम लागतो.

दम त्यांना लागत नव्हता. त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट रोहण्याच्या अलीकडे घडली होती.

ती त्यांनी घरात एकदाच सांगायला हवी होती. पण निवृत्तीनंतर माणूस गोष्टी दुसऱ्यांदा सांगतो, आणि तिथेच घोटाळा झाला. दिवाळीला नागपूरहून मुलगा आला. अश्वजित बँकेत अधिकारी होता आणि कागद नसलेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

"बाबा, मागच्या वेळी तो ग्लास पितळी होता," तो म्हणाला. "आता तुम्ही स्टीलचा सांगून राह्यले."

"ग्लासाचं काय घेऊन बसला?"

"तसं नाई. पण त्या जमान्यात, त्या घरची पोरगी, असं करन? मले तर वाटते, हे तुम्ही मागाहून जोडलं."

डोमाजींनी बायकोकडे, मीराबाईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या. "मले काय विचारता," त्या म्हणाल्या. "मी होती का तिथं? तुमाले त्या दिवसाचं सारं आठवते, अन् काल दूध आणाले पाठवलं तर दही घेऊन आलते."

ही गोष्ट खरी होती. त्यामुळे पहिलीही खोटी असू शकते, हे त्या रात्री प्रथमच डोमाजींच्या मनात आलं. आणि नियंत्रकाचा तर नियमच होता: नोंद नाही, म्हणजे गाडी आलीच नाही. थंडी सरली तशी मीराबाईंना "बीपीची गोळी आणतो" असं सांगून ते वर्ध्याच्या गाडीत बसले. मीराबाईंनी गोळ्यांचं भरलेलं पाकीट त्यांच्यासमोर फडताळात सरकवलं. "काऊन खोटं बोलून राह्यले?" त्या म्हणाल्या. "जा, पाहून या. पन डबा घेऊन जाजा."

डबा आता बाहेर टेबलावर होता. पिशवी, पेन आणि पाण्याची बाटलीही. आत फक्त शिसपेन्सिल चालत होती.

संस्थेकडे प्रवासाच्या रोजनिश्या पुष्कळ होत्या आणि त्यांच्यात पायऱ्या होत्या. सर्वांत वर एका इंग्रज कलेक्टरची दौऱ्याची रोजनिशी. तिला काचेची पेटी आणि गार खोली. साहेबाने आर्वीच्या रस्त्यावर मोर मारले, आणि तंबूतला चहा कोमट आला म्हणून नाराजी व्यक्त केली, एवढं त्या खोलीत चोवीस तास थंड ठेवलेलं होतं. त्याखाली एका कापूस व्यापाऱ्याचं काशीयात्रेचं बाड. मग मोठ्या माणसांच्या पदयात्रा. आणि शेवटी, पंख्याखालच्या लोखंडी कपाटात एक खोका. त्यावर लिहिलं होतं: पदयात्रा रोजनिश्या, सामान्य सहभागी (किरकोळ).

"किरकोळ म्हंजे?" डोमाजींनी विचारलं.

मॅडम ओशाळल्या. "म्हणजे ज्यांची नावं सूचीत नाहीत."

"मंग बराबर हाये."

मॅडमनी वही उशीवर ठेवली. वहीला उशी मिळाली होती, हे पाहून डोमाजींना बरं वाटलं. ती लिहिली तेव्हा लेखकाला मिळाली नव्हती. त्यांनी हात पुढे केला तशा मॅडम म्हणाल्या, "हातमोजे घाला, काका. तसा हात लावायचा नाही."

आपल्याच वहीला हात लावायची बंदी त्यांना नवीन होती. हात लावण्याच्या नियमांचा अनुभव मात्र जुना होता. त्यांनी पांढरे मोजे चढवले.

पहिल्या पानावर विसाव्या वर्षाचं अक्षर होतं, गोल, कॉलेजात नुकतंच गेलेलं. *पुलगाव मुक्काम. सूतकताई केली. डाव्या पायाला फोड. वरणात मीठ जास्त, पण तक्रार नाही.* खाली लाल पेन्सिलीने: *पाहिले.*

ते गुरुजींचं. यात्रेचे प्रमुख. गुरुजी रोज संध्याकाळी सगळ्यांच्या वह्या गोळा करीत, लाल पेन्सिलीने तपासत आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर त्यांतला बोधप्रद मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत. त्यामुळे यात्रेत सगळ्यांच्या मनात थोर विचार येत, तेही संध्याकाळच्या सुमारास. यात्रेत सगळे एकमेकांचे भाऊ आणि ताई होते. ती सोय गुरुजींनी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. सगळे एका पंगतीत जेवत. पंगतीला कोणाचीच हरकत नव्हती. समतेचा पंगतीपुढचा कार्यक्रम छापलेला नव्हता.

डोमाजींनी मोजा घातलेल्या बोटाने पान उलटलं.

रोज दोघांना पुढच्या गावी मुक्कामाची सोय करायला पुढे पाठवत. पुलगाव सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी होती डोमाभाऊ आणि सरोजिनीताईंची. सरोजिनी वर्ध्याच्या एका वकिलाची मुलगी. झपाझप चालायची आणि चालताना सतत बोलायची. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस. रोहण्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक घर होतं. तिथे त्यांनी पाणी मागितलं.

घरातल्या बाईने आधी नावं विचारली, मग गावं, मग आणखी थोडं. मग आतून ग्लास आणून सरोजिनीच्या हातात दिला. डोमाजींना म्हणाली, "तुम्ही बसा बाप्पा खाली," आणि तांब्या उंच धरला. डोमाजी बसले. ओंजळ धरायला त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

तेव्हा सरोजिनीने तो भरलेला ग्लास ओट्यावर ठेवला. त्यांच्या शेजारी येऊन बसली. आणि ओंजळ पुढे धरली.

बाई गोंधळली. तांब्या कोणाकडे न्यावा ते तिला कळेना. मग तिने दोन्ही ओंजळींवर एकच धार धरली. दोघांच्या कोपरांवरून पाणी खाली आलं. सरोजिनी काही बोलली नाही. रोहण्यापर्यंत काहीच बोलली नाही. एवढीच गोष्ट होती. मेळघाटात यात्रा संपली, ती तिच्या घरी गेली, डोमाजी त्यांच्या. पुढे त्यांना एसटीत नोकरी लागली.

त्या दिवसाचं पान समोर होतं. डोमाजींनी चष्मा पुसला आणि वाचलं.

*रोहणा मुक्काम. शाळेत सोय झाली. आज विशेष काही नाही.*

खाली लाल पेन्सिल: *एवढेच?*

डोमाजींनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. परत पुढे आणलं. पंखा पानाचा कोपरा उचलत होता.

"काय झालं, काका?" मॅडमनी विचारलं.

"काई नाई. मीच लिहिलं नाई."

मग त्यांना आठवलं. शाळेच्या व्हरांड्यात कंदिलाजवळ ते वही उघडून बसले होते. लिहायला घेतलंही होतं. आणि गुरुजींचा आवाज कानात ऐकू आला: आज आपल्या डोमाभाऊंनी फार उद्बोधक प्रसंग टिपला आहे. सगळे माना डोलावणार. सरोजिनीताईंना उभं करणार. उद्यापासून गावोगाव सभेत सांगणार. ती दोन ओंजळींची धार गुरुजींच्या प्रवचनात वाहून गेली असती. म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली. ठेवायची म्हणून लिहिली नाही. आता नोंद नव्हती.

"मॅडम," थोड्या वेळाने ते म्हणाले, "याच खोक्यात सरोजिनीताईची वही असन का?"

मॅडमनी यादी पाहिली. "आहे. ती खुली आहे, परवानगी नको. त्या गेल्यावर मुलीनं आणून दिली."

"कुठं गेल्यावर?"

मॅडमनी यादी खाली ठेवली. "वारल्या, काका. करोनाच्या लाटेत."

डोमाजींनी मान हलवली. भोंग्यावरून एखादी गाडी रद्द झाल्याचं सांगताना ते ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात म्हणाले, "बरं."

दुसरी वही आली. अक्षर तिच्या चालण्यासारखंच, पुढे झुकलेलं, घाईचं. ती रोज पानंच्या पानं लिहायची. झाडं, बायांची गाणी, कोणाच्या गोठ्यात किती वासरं. त्या तारखेला मात्र पान जवळपास रिकामं होतं.

*रोहणा. आज विशेष काही नाही. वाटेत आम्ही दोघे ओंजळीने पाणी प्यालो. गोड होते.*

गुरुजींनी खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: *पाणी उकळून पिणे.*

डोमाजी हसले. आवाज न करता, खांदे हलवत बराच वेळ हसले. मग हातमोज्याने डोळे पुसायला गेले, आणि मोजे संस्थेचे आहेत हे लक्षात येऊन बाहीने पुसले. एक मोजा काढला. मॅडमनी पाहिलं. नियमावली त्यांच्या मागच्याच भिंतीवर लावलेली होती. त्या खिडकीकडे वळून पडदा नीट करू लागल्या, आणि पडदा बराच वेळ नीट होईना.

डोमाजींनी उघडं बोट त्या ओळीखाली ठेवलं. नियंत्रकाला शोभेल अशा पद्धतीने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदा फिरवलं. मग मोजा परत चढवला.

"झेरॉक्स देऊ का?" मॅडमनी विचारलं. "वेगळा अर्ज करावा लागेल, पण होईल."

झेरॉक्ससाठीच तर ते आले होते. ती घडी करून खिशात घालायची, दिवाळीला अश्वजितसमोर ठेवायची, ग्लासाचा धातू सोडून बाकी सगळं सिद्ध. डोमाजींना ते चित्र डोळ्यांसमोर दिसलं. अश्वजित कागद उजेडाकडे धरेल. मग फोटो काढून मित्रांना पाठवेल. दहा जण हात जोडल्याची चित्रं पाठवतील. एखादा भाषणात घेईल.

"नको," ते म्हणाले. "राहू द्या खोक्यातच. दोन्ही वह्या जवळजवळ ठेवता येतीन का?"

"क्रमांकाप्रमाणे ठेवाव्या लागतात, काका."

"असन. नियम असन."

मॅडमनी दोन्ही वह्या खोक्यात ठेवल्या. क्रमांकाप्रमाणे मध्ये तीन वह्या यायला हव्या होत्या. त्या तीन त्यांनी मागे सरकवल्या आणि झाकण लावलं.

"मिळालं का पाहिजे होतं ते?"

"विशेष काई नाई," डोमाजी म्हणाले आणि हात जोडून बाहेर आले.

व्हरांड्यात कोणाच्या तरी स्मरणार्थ बसवलेला वॉटर कूलर होता. नळाशेजारी स्टीलचा ग्लास, तो कोणी नेऊ नये म्हणून साखळीने बांधलेला. फोन वाजला. मीराबाई होत्या.

"पाह्यलं?"

"हो."

"ग्लास कायचा होता?"

"तेवढं नाई लिहिलं तिनं."

"बरं. ऊन झालं, डबा खाऊन घ्याजा," मीराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डोमाजींनी डबा कठड्यावर ठेवला. नळ सुरू केला. ग्लासाला हात न लावता ते वाकले, आणि धारेखाली ओंजळ धरली. थोडी डावीकडे सरकवून, जशी शेजारी कोणाला जागा ठेवावी तशी.

पाणी बोअरचं होतं, मचूळ. त्यांनी आणखी एक ओंजळ घेतली.