कच्ची वही

मुलाखतीला तिने वडिलांना सोबत नेलं ते केवळ त्यांचं मन मोडवेना म्हणून. नाहीतर चौतिसाव्या वर्षी बापाला घेऊन कोण जातं?

पाच वर्षं ती सरकारी संशोधनातली नोकरी शोधत होती. जाहिरात यायची, अर्ज जायचा आणि भरती रद्द व्हायची. खासगी कंपन्यांनी दोनदा बोलावलं. पण विहिरींचं पाणी खारट का होत चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांना पाणी गाळायची यंत्रं खपवायची होती. आता पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत संशोधकाची एक जागा निघाली होती. वयाची अट पस्तीस, आणि पुढच्याच महिन्यात तिला पस्तीस पूर्ण होत होती. म्हणजे हीच काय ती शेवटची संधी.

पत्रात एक ओळ होती: मोजणीची वही सोबत आणावी.

वडील तीस वर्षं शाळेत कारकून. अक्षर सुरेख, तेवढीच काय ती त्यांची मिरवायची गोष्ट. मुलीने विहिरींच्या पाण्याच्या मोजण्या लिहिलेली वही त्यांनी उघडली. पानोपानी खाडाखोड, शाईचे डाग, एका कोपऱ्यात चक्क भाजीची यादी.

"हे ध्यान नेणार तू?"

"बाबा, ते काय अक्षराला गुण देणार आहेत?"

"दे इकडे. पक्की करून देतो."

तिला मुलाखतीसाठी वाचायचं होतं, वाद घालायला वेळ नव्हता. "करा," ती म्हणाली.

आठवडाभर बाबा मान मोडून लिहीत होते. खोडलेले आकडे अर्थातच गाळले. आई म्हणाली, "लग्नाआधी मला चार ओळी लिहिताना घाम फुटायचा यांना!"

मुलाखतीच्या दिवशी ती पक्की वही घेऊन आत गेली. बाबा बाहेर बाकावर बसले आणि पिशवीतून कच्ची वही काढून, एखादी ओळ सुटली तर नाही ना, हे आठवून आठवून पडताळू लागले. वीसेक मिनिटांनी शिपाई बाहेर आला.

"वही लिहिणारे आपणच ना? आत बोलावलंय."

आत तिघं जण होते. मधल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता.

"अक्षर तुमचं?"

"हो." क्षणभर त्यांना बरंच वाटलं.

"दोन वर्षं, चाळीस विहिरी आणि एकही चूक नाही! आमच्याकडे चुकलेला आकडा एका रेघेने खोडतात. खालचा वाचता आला पाहिजे, शेजारी सही. माणूस काम कसं करतो ते आम्हाला तिथे कळतं. या वहीवरून मला फक्त तुम्ही कळलात. मूळ वही घरी आहे म्हणते ही."

मुलगी खाली मान घालून बसली होती. बाबांनी हातातली कच्ची वही पुढे केली.

"घरी नाही, बाई. ही घ्या. चूक माझी आहे. ती नुसतं 'करा' म्हणाली."

बाईंनी पानं उलटली आणि सतराव्या विहिरीवर बोट ठेवलं. "हा आकडा का खोडला?"

"बाटली नीट विसळली नव्हती, आधीच्या विहिरीचं पाणी राहिलं होतं," मुलीने मान वर केली. "घरी आल्यावर शंका आली. दुसऱ्या दिवशी परत गेले. चौदा किलोमीटर."

"आणि ही भाजी?"

"ती आणायची राहिली."

कोपऱ्यातले गृहस्थ खुदकन हसले. मग प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले आणि बाबा खोलीत आहेत हे सगळेच विसरले. ते हळूच बाहेर आले.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी नेमणुकीचं पत्र आलं. कामाच्या पहिल्या दिवशी तिला पानांचे क्रमांक छापलेली कोरी वही मिळाली. ती तिने घरी आणून बाबांपुढे ठेवली.

"वर फक्त नाव घाला. आतली पानं मी बिघडवते."

बाबांनी पेन झटकलं, चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. आडनावातलं एक अक्षर चुकलं. मग चुकलेल्या अक्षरावर एकच सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली.