पाणी पिणारी माणसं

गौतमचंदने श्वास रोखून धरला. समोरच्या शेतकऱ्याने फेटा मागे सरकवला, किंचित वाकून ओंजळ हनुवटीला लावली आणि वरून लोट्याची धार सुरू झाली. छातीशी धरलेल्या खोका कॅमेऱ्याच्या इवल्याशा काचेत तो गळा, ती धार आणि लोटा धरलेला हात एकत्र आले. गळ्याची घाटी वर सरकली तसा त्याने खटका दाबला.

शेतकऱ्याने ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि संशयाने वळून पाहिलं.

"मन्हा फोटू काढा का, भाऊ?"

"हां, भिलाभाऊ."

"तोंड उघडं, डोया बंद, दाढीवर पानी. असा फोटू कोन काढस? माले फेटा तरी नीट करू दे ना."

"फेट्याचा नको. पाणी पितानाचाच पाहिजे."

भिला हसला आणि शेंगांच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीकडे गेला. प्रकाशा गावाहून रात्रभर गाडी हाकत आलेला माणूस. त्याला थट्टा करायलाही बळ उरलं नव्हतं.

नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावर, टांगे उभे राहतात तिथल्या निंबाखाली, मांगीलाल शेठची पाणपोई होती. होळी झाली की माठ मांडले जात ते मिरगापर्यंत. पाणी द्यायला माणूस ठेवता आला असता, पण शेठाणी भूरीबाई सकाळचे सगळे तास स्वतः बसत. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी तो नेम धरला होता. ओढणी कपाळावर ओढून त्या माठांमागच्या ओट्यावर बसत आणि कोण आलं ते न विचारता लोटा कलता करत. गौतमचंद त्यांचा धाकटा मुलगा. बापाच्या कापड दुकानात तो दुपारनंतर बसायचा आणि सकाळी रस्त्यापलीकडच्या दगडावर.

हा दगड त्याला रतिलालमुळे सापडला होता. बाजारात रतिलालचा फोटोचा स्टुडिओ होता. शहरात रीळ धुऊन देणारा तो एकटाच. फाल्गुनात गौतमचंदने त्याच्यापुढे मोठ्या अभिमानाने आपली सगळी चित्रं पसरली होती. आगगाडी, देवळाचं शिखर, बैलाची शिंगं, मोलगीच्या बाजाराला निघालेली डोंगरातली माणसं, एक झोपलेलं कुत्रं. रतिलालने ती एकेक उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"वाईट एकबी नही," तो म्हणाला. "पन एकमेकासनी वळख नही. आगगाडीले कुत्रं माहीत नही, कुत्राले देऊळ माहीत नही."

"मग काय करू?"

"एक गोष्ट धर. कंटाळा यी तव्हय सोडू नको. कंटाळाना नंतर दिसाले लागस."

गौतमचंदला राग आला होता. त्या रागातच तो घरी परतत होता, आणि वाटेत पाणपोईपाशी एक म्हातारा पाणी पिताना दिसला. त्याने डोळे असे मिटले होते की जणू देवापुढे उभा आहे. गौतमचंद जागीच थांबला. घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं: या उन्हाळ्यात दुसरं काही नाही. फक्त पाणी पिणारी माणसं.

सुरुवातीची चित्रं फसली. लोक कॅमेरा पाहिला की पिणं थांबवून ताठ उभे राहत. कुणी शिव्या दिल्या. एका टांगेवाल्याने तर चाबूक उगारला. गौतमचंद दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दगडावर. ऊन निंबाच्या डाव्या अंगाने येतं तेवढाच वेळ धारेत उजेड सापडतो, हे त्याला कळलं. तोरणमाळकडची माणसं पिण्याआधी थोडं पाणी जमिनीला देतात, गुजर शेतकरी पिऊन झाल्यावर ओला हात मानेवर फिरवतात, बायका आधी पोराला पाजतात, हेही कळलं. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली. कंटाळा आला, तोही त्याने बसून काढला.

मांगीलालना मुलाचा हा छंद पसंत नव्हता. पण रतिलालकडून आलेली काही चित्रं त्यांनी पाहिली आणि त्यांचा सूर बदलला.

"आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पेठेतले सगळे व्यापारी आपल्या दुकानात येतात," ते म्हणाले. "त्या दिवशी भिंतीवर लाव. घराण्याचं पुण्य चार लोकांच्या नजरेला पडू दे."

गौतमचंदला हर्ष झाला. आपली चित्रं भिंतीवर, एका ओळीत, एकमेकांना ओळखणारी.

चैत्र संपत आला तशी समोरची जागा त्याला पुरेनाशी झाली. एका सकाळी दगड सोडून तो पाणपोईच्या मागच्या अंगाला गेला. तिकडून ऊन चेहऱ्यावर पडेल असं त्याला वाटलं. त्याने मान खाली घालून काचेत पाहिलं. काचेत एक बांबू आला.

ओट्याच्या कुडातून तिरकी बाहेर काढलेली ती पोकळ बांबूची नळी त्याने लहानपणापासून पाहिली होती. आतल्या तोंडात आई पाणी ओतायची, बाहेरच्या तोंडाशी महारवाड्यातली माणसं ओंजळ धरायची. रस्त्याकडून ती दिसत नसे. नळी, निंब, माठ, सगळं तिथलंच. त्यात बघण्यासारखं काही असतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

नळीखाली एक बाई वाकून उभी होती. टांग्याच्या घोड्यांना गवत विकणारी तापीबाई. डोक्यावरचा भारा तिने उतरवलाच नव्हता. पाणी थांबत थांबत येत होतं आणि तिला मान वाकडी करून नळीचं तोंड शोधावं लागत होतं.

तिने पिऊन झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं.

"इतला दिन तठे बठी काढे," ती म्हणाली. "आज आमनी बाजू याद उनी?"

गौतमचंदने कॅमेरा किंचित खाली घेतला.

"तुमचा काढला तर चालेल?"

"काढ. मी काय चोरीनं पी ऱ्हायनी?"

त्यानंतर आखाजीपर्यंत तो दोन्ही बाजूंनी चित्रं काढत राहिला.

रतिलालने दोरीवर वाळत घातलेली नवी चित्रं एकेक करून दोनदा पाहिली.

"ह्या शेठना दुकानमा लागाव्या नहीत," तो शेवटी म्हणाला.

"लागतील."

"नळीना काढी टाक. बाकी बी भलता चांगला शेतस."

"मी पाणी पिणारी माणसं काढतोय, रतिलालभाई. ही पाणी पीत नाहीत का?"

रतिलालने चिमटे काढले आणि सगळी चित्रं एकाच कागदात बांधून दिली.

आखाजीच्या आदल्या दुपारी जेवणानंतर मांगीलालनी घरातल्या गादीवर चित्रं मांडून घेतली. ते खुशीत होते. हा भिला, हा आपला टांगेवाला, ही डोंगरातली म्हातारी. मग त्यांचा हात मंदावला. त्यांनी तापीबाईचं चित्र उचलून पालथं ठेवलं. त्यानंतरचं, त्यानंतरचंही.

"ही राहू देत. बाकीची लाव."

"बापूजी, सगळी एकत्र आहेत ती."

"नळीत काय दाखवायचं आहे? आपण त्यांनाही पाणी देतोच. कोण देतं या गावात?"

"देतो तर दाखवायला काय हरकत?"

मांगीलालनी मुलाकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"तू मला शिकवतोस?"

"नाही. सगळी लावा, नाहीतर एकही नको. एवढंच म्हणतो."

"मग एकही नको."

ते उठून आतल्या खोलीत गेले. गौतमचंदने पालथी चित्रं सुलटी केली आणि आपल्या जागी ठेवली. ओळ त्याने सरळ लावली.

भूरीबाई ताटं उचलायला आल्या होत्या. त्या गादीच्या कडेला बसल्या. त्यांनी ही चित्रं कधी नीट पाहिली नव्हती. आता एकेक पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. प्रत्येक चित्रात वरच्या कोपऱ्यात त्यांचा हात होता. हस्तिदंती चुडा, लोटा आणि धार.

"हा माझाच हात," त्या म्हणाल्या. "किती म्हातारा दिसतो रे."

पुढे सरकता सरकता त्या तापीबाईच्या चित्राशी थांबल्या. चेहरा जवळ नेऊन त्यांनी कोपरे पाहिले, मग पुढचं चित्र, मग त्याच्या पुढचं.

"यात मी कुठं आहे?"

"नळीच्या पलीकडं. कुडाआड."

"म्हणजे दिसतच नाही."

"तिथून नाही दिसत, मा."

भूरीबाईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"बावीस उन्हाळे यांना पाणी दिलं," त्या म्हणाल्या, "आणि ही बाई मी आज पाहतेय."

मग त्यांनी ताटं उचलली आणि आत गेल्या.

आखाजीच्या सकाळी गौतमचंद कॅमेरा घेऊन पाणपोईवर पोचला तेव्हा कुडातल्या भोकात कापडाचा बोळा होता. बांबू नव्हता. भूरीबाई नेहमीसारख्या बसल्या होत्या.

तापीबाई भारा घेऊन आली आणि सवयीने मागच्या अंगाला गेली. क्षणभर तिथे नुसती उभी राहिली.

"तठे कसाले उभी?" भूरीबाईंनी हाक मारली. "आठे ये."

"माय, लोक दखतीन."

"दखू दे. ये."

ती आली. दोन्ही बाजूंना पाहून तिने भारा जमिनीवर ठेवला. ओंजळ धरली, पण हनुवटीपर्यंत नेली नाही. भूरीबाई ओट्यावरून उठल्या, पुढे वाकल्या आणि धार सोडली. पहिलं पाणी बोटांतून सांडलं. मग ओंजळ वर गेली. गौतमचंदने खटका दाबला.

शेजारच्या पेढीचे घेवरचंद सणासाठी पांढरा अंगरखा घालून पाणी प्यायला आले होते. त्यांनी ते सगळं पाहिलं.

"भाभी, आज नळी मोडली वाटतं?"

"मोडली नाही. काढली."

घेवरचंदांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते न पिता निघून गेले. त्यानंतर बातमी पेठेत फिरायला वेळ लागला नाही. गाडीवान लांबूनच बैल वळवू लागले. दोन बायका आल्या, आपसांत कुजबुजल्या आणि पोराला ओढत घेऊन गेल्या. डोंगरातला एक माणूस मात्र आला, त्याने थोडं पाणी जमिनीला दिलं आणि तो पोटभर प्याला. महारवाड्यातले तिघे आले. बाकी रस्ता पाणपोईला वळसा घालून वाहत राहिला.

ऊन माथ्यावर आलं. एरवी या वेळेला माठ पुन्हा भरावे लागत. आज ते काठोकाठ होते. गौतमचंदने आईकडे पाहिलं.

"मा, घरी जाऊ या?"

"माठ भरलेले आहेत. घरी कशी येऊ?"

तेवढ्यात पेठेच्या बाजूने मांगीलाल येताना दिसले. डोक्यावर सणाची केशरी पगडी, हातात छत्री, पण ती उघडलेली नव्हती. ते भरभर चालत आले होते. टांगेवाले बोलायचे थांबले. पाणपोईसमोर येऊन ते उभे राहिले. बुजवलेलं भोक पाहिलं, भरलेले माठ पाहिले, बायकोकडे पाहिलं.

"दुकानात कुणी बसलं नाही," ते म्हणाले. "पानसुपारी तशीच आहे."

भूरीबाईंनी माठावरचं झाकण सारखं केलं.

"घेवरचंद म्हणतात, नळी परत लावली तर विषय संपला."

"नाही लावायची."

मांगीलाल मुलाकडे वळले. गौतमचंद कॅमेरा छातीशी धरून उभा होता. त्याने नजर खाली केली नाही. कॅमेराही खाली केला नाही.

रस्त्यावरून वाऱ्याने धूळ उठवली. मांगीलालनी छत्री निंबाच्या बुंध्याला टेकवली. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मग पगडी काढून ओट्यावर ठेवली, वाकले आणि ओंजळ पुढे केली. भूरीबाईंचा लोटा किंचित हलला. धार मात्र नीट पडली. ते बराच वेळ प्यायले.

तोंड पुसत ते सरळ झाले आणि हात माठाच्या पोटावर ठेवून म्हणाले,

"पाणी कोमट लागतंय. उद्यापासून माठांना ओलं फडकं गुंडाळत जा."