आखणीची जागा

गणपतीच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सुरू केली की दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत उठायचं नाही, हा पेणच्या दिनानाथकाकांच्या कारखान्याचा नियम. घरून फोन येवो, जेवण गार होवो. एका डोळ्याचा देव कुणाला बघणार, असं काका विचारायचे आणि पुढे बोलायची सोय ठेवायचे नाहीत. मी नमिता, रोह्याजवळच्या वरसे गावची. लग्नाआधीपासून त्या कारखान्यात खिडकीजवळ बसून आखणी करत आले.

काकांचा सुशील पुण्याहून शिकून आला आणि त्यानं पेणच्या बाजारात गाळा घेऊन व्हिडिओ गेमची कंपनी काढली. गेममधल्या सरदारांचे, राक्षसांचे डोळे मेल्यासारखे दिसतात म्हणून तो मला न्यायला आला. मला ताई म्हणत लहानाचा मोठा झालेला पोरगा. मी हुरळून गेले. ब्रश सोडून कॉम्प्युटरच्या पेननं डोळे काढायला शिकले, आणि खोटं कशाला सांगू, कौतुकही भरपूर झालं.

पण कंपनीचा कारभार म्हणजे सगळा आनंदीआनंद. सुशीलला सारखी नवी हुक्की. आधी किल्ल्यांचा गेम, मग मोटारींचा, मग पुन्हा किल्ल्यांचा, पण त्यात मोटारी. गेम मध्येच बंद पडतो म्हणून खेळणारे शिव्या घालत होते, आणि ते दुरुस्त करायचं सोडून यानं स्वतःला काचेची केबिन बांधून घेतली. पगार अडले. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं शहाणी, एकेक करून पनवेलला पळाली. त्यातला शेवटचा मितेश जाताना मला म्हणाला, इथं आता काही राहिलं नाही, तुम्हीही निघा. मला उलट त्याचाच राग आला. हातातलं काम टाकून जातात कशी ही माणसं?

माघात काकांचा निरोप आला. सीझनची माणसं ठरवतोय, येणार असशील तर होळीच्या आत कळव. कारखान्यातली जागा एकदा भरली की वर्ष गेलंच. मी सुशीलला सांगितलं. तो केबिनमधून बाहेर आला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. काही पात्रांचे डोळे अजून व्हायचे होते.

"ताई, अर्ध्यात उठशील?" एवढंच त्यानं विचारलं.

तुझ्या जागेचं मी बाबांशी बोलतो, असंही म्हणाला. मी विश्वास ठेवला. घरच्या माणसावर ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

मी सगळे डोळे पुरे केले. त्याच आठवड्यात गाळ्याला कुलूप लागलं.

तशीच कारखान्यात गेले. खिडकीजवळ सुरभी नावाची नवी मुलगी आखणी करत बसली होती. काकांना वाटलं, मी सहज भेटायला आले. मग सगळं बाहेर आलं. गेममधली पात्रं सुशीलनं हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीला विकली होती. सौदा दिवाळीतच ठरला होता, डोळे तेवढे व्हायचे राहिले होते.

"सुशीलच बोलला गो," काका खाली बघत म्हणाले. "नमिताताय आता तिकडं पर्मनंट झाली, ती नाय येनार, दुसरी बघा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाहेर येऊन त्याला फोन लावला. त्यानं उचलला, आणि मी विचारलं, माझी जागा का घालवलीस?

"जागा मोकळी असती तर तू परत गेली असतीस," तो म्हणाला. "माझं काम अर्धं राहिलं असतं."

"नसते रे गेले. डोळे अर्धे ठेवून मी उठले असते व्हय? काकांच्या कारखान्यात वाढलास आनि तुला येवढं पन ठाव नाय?"

मला बांधून ठेवायला त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं खरं सांगितलं असतं तरी मी बसले असते, आणि माझी जागाही राहिली असती.

"ताई, मीटिंग चालू आहे," तो म्हणाला. "नंतर करतो फोन."