ओगराळ्याचं वजन

केरबाला फसवणं म्हंजे वासराला फसवण्यासारखं हाय. मजा येती, पण जिंकल्याचं समाधान न्हाई. तरी मी चाळीस वर्षं फसवतोय.

लोणावळ्याला येणाऱ्या पब्लिकला मी चिक्कीचं झाड दाखवलंय. शेवगा व्हता. फोटो काढून गेली बिचारी. पण ती माणसं घरी जाऊन कुणाला तरी विचारत्यात आन् हुशार व्हत्यात. केरबा व्हत न्हाई. "तू म्हणालास ना, मग आसंल," येवढंच त्याचं म्हणणं. ठेंगणा गडी, पायात फेंगडा, कावड वाहून वाहून उजव्या खांद्यावर घट्टा. वाडीत कुणाचंबी कार्य असू दे, मांडवात पहिला केरबा आन् जेवायला शेवटचा केरबा.

मी हौशीराम. मळवलीला एका बंगल्याची राखण करतो. मालक वर्षातनं दोनदा येतो, बाकीचे दिवस मालक मीच. आमची वाडी मळवलीच्या वर, डोंगराच्या अंगाला, तीस उंबऱ्यांची. वाडीच्या वर अर्ध्या तासावर कातळात खोदलेलं टाकं हाय. वाडी पिती ती त्याच टाक्याचं पाणी. दुसरं न्हाई.

बयाबाई म्हंजे वाडीतली सगळ्यात म्हातारी. ती सांगायची, पूर्वी लग्नाची भांडी ह्या टाक्यातनं यायची. आदल्या सांजंला काठावर सुपारी ठेवायची, सकाळी भांडी हजर. वापरायची, घासायची आन् पाचपरतावणाला, नवरी माहेरी येती त्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत सगळी परत. ज्यानं सुपारी ठेवली त्याच्याच हातनं. आतमदी बाया हायत, त्या मोजून घेत्यात.

माझ्या कोमलचं लग्न निघालं तवा मला हुक्की आली. मंडप-भांडीवाला इर्शाद माझा जुना दोस्त. त्याला म्हन्लं, "पहाटं टेम्पो वाडीत लाव, हमालाकडनं भांडी टाक्याच्या काठाला मांडून ठेव आन् गुपचूप सटक." केरबाच्या हातात सुपारी दिली. "तूच ठेव रं. तुझा हात लागला की कामं व्हत्यात." त्यानं आंघोळ करून ठेवली. वर रात्रभर काठालाच झोपला, भांड्यांना कोल्हीकुत्री शिवू नयेत म्हणून. झोप त्याची धोंड्यावानी, तवा मला घोर न्हवता.

पहाटं साडेपाचला इर्शादचा फोन.

"हौशीभाऊ, शिव्या देऊ नका. लोणावळ्यात अडकलोय."

"आरं, पहाटं कसलं ट्रॅफिक?"

"शनिवार हाय. अख्खी मुंबई घाट चढून आलीया."

"मग येतोस कवा?"

"पुढची गाडी हालंल तवा."

मांडवात तीनशे माणूस जेवणार. चुली पेटल्याल्या, त्यावर ठेवायला भांडं न्हाई. केरबाला तरी खाली आणावं, घराघरातनं पातेली गोळा करावी, म्हणून मी धापा टाकत टाक्यावर गेलो.

केरबा काठाला बसून फांदीनं कावळे हाकलत व्हता. त्याच्या म्होरं तांब्याची भांडी. हंडे, पराती, तपेली, झारे. ओली. पाणी निथळतंय अजून.

"आली," केरबा म्हणाला. येष्टी आल्यावानी.

मी खाली बसलो. मला कळंना हसू का पळू. त्यानं एक तपेलं माझ्या हातात दिलं, दोन सोता घेतली आन् म्हणाला, "चल, डाळ शिजायला येळ लागंल."

इर्शादला वाटंतनंच माघारी लावला. लग्न असं झालं की व्याह्यानं आमटी तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी केरबानं राख आन् चिंच लावून दुपारपतोर भांडी घासली. मोठ्यानं मोजली. एकवीस. दोन गाठोडी बांधायला घेतली आन् दोरी आणाय आत गेला. तेवढ्यात मी आमटी वाढायचं ओगराळं काढलं, दांड्यासकट पायजम्यात खोचलं, वरनं शर्ट सोडला. का? आता काय सांगायचं. टाक्याला खरंच मोजता येतं का, ते बघायचं व्हतं. सांजंला केरबानं गाठोडी न्हेऊन टाक्यात सोडली.

टाक्याला मोजता येतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाया पाण्याला गेल्या आन् मोकळे हंडे घेऊन आल्या. टाक्याचा तळ भाकरीसारखा कोरडा. सगळी वाडी बयाबाईच्या अंगणात गोळा झाली.

"कायतरी ऱ्हायलं आपल्याकडं," बयाबाई म्हणाली. "मोजली कुणी?"

"म्या," केरबा म्हणाला.

"किती भरली?"

"एकवीस."

"मग?"

केरबानं माझ्याकडं बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत व्हतो. "माज्याच हातनं गेली परत. बोल मलाच लावा," तो म्हणाला.

मग काय, ज्यानं ताटात वाढलं त्यालाच लोक बोलाय लागले. कुणी म्हणालं येंधळा, कुणी म्हणालं भांडं विकलं आसंल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रेणुका, माझी बायको, त्याला दारातच म्हणाली, "भावजी, परवा कोमलचे सासरचे येणार. तुमी नका येऊ. लोक बोलत्यात." तो "बरं वैनी" म्हणून परत फिरला. ओगराळं तवा तिच्या पायापासनं चार हातावर व्हतं, कणगीच्या मागं.

मी पाणी आणाय बंगल्याची बोअर दाखवली सगळ्यांना. एक दिवस चालली, मग तीबी गुळण्या टाकाय लागली. आन् बयाबाई सांगून ऱ्हायलीती, पाचव्या दिवशी सूर्य बुडाला की संपलं. पुन्यांदा पाणी न्हाई. वाडी उठवा आन् जावा कुटंबी.

पाचव्या दिवशी दुपारी मी ओगराळं घेऊन केरबाच्या घरी गेलो.

"घावलं रं! कुत्र्यानं न्हेलतं. मांडवाच्या मागं पडलंतं."

तोंडातनं शब्द निघाला आन् ओगराळं हातातनं सुटून माझ्या अंगठ्यावर पडलं. पावशेराची वस्तू, पण वरवंटा पडल्यावानी लागलं. मी बोंबललो. केरबानं वाकून ते उचललं, जरा तोललं, माझ्याकडं बघितलं. धडप्यात गुंडाळून खांद्याला मारलं. "चल. दिवस कलतोय."

वाडीच्या वर करवंदीच्या जाळ्या लागल्या. मला गप बसवत न्हाई, जन्मजात खोड. "मी तर तुला शोधायलाच निघालोतो सकाळधरनं," म्हन्लं. केरबाचे गुडघे वाकले. "तुझ्यासाठी मी सगळ्यांशी भांडलो," म्हन्लं. तो खालीच बसला. धडपं फाटून ओगराळं खाली घरंगळलं.

म्होरनं धोंडिबा शेरडं घेऊन येत व्हता. "काय रं, कशाची वढावढी चाललीया?"

"पहार हाय जुनी," मी म्हन्लं. "कुंपणाला."

धप! ओगराळं मातीत निम्मं रुतलं. धोंडिबानं डोळं मोठं केलं, शेरडं हाकलली आन् खाली गेला.

केरबानं घाम पुसला. "भाऊ," म्हणाला, "येक काम करशील?"

"सांग की."

"जरा गप ऱ्हा."

चाळीस वर्षात त्यानं मला सांगितलेलं हे पहिलं काम.

मी गप ऱ्हायलो. त्यानं कोयत्यानं ऐनाच्या दोन फांद्या तोडल्या. येक ओगराळ्याखाली घातली, दुसरीनं रेटा दिला, जसं खाचराच्या बांधाला धोंडे बसवतो तसं. वीतभर वर सरकलं. मी खालनं दगडाची अडण लावली. पुन्यांदा रेटा. पुन्यांदा वीतभर. अर्ध्या तासाची वाट. डोळ्याला टाक्याचा काठ दिसत व्हता आन् वीत काय संपत न्हवती. ऊन पाठीवर. त्याच्या तळहाताची सालटी निघाली, त्यानं धडप्याची चिंधी बांधली. मी म्हन्लं आता टेकू, तर म्हणाला, "टेकलो तर उठवायचं न्हाई. आनखी वीतभर."

मधीच, रेटा देता देता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला ठावं हाय तूच काढलंस."

माझ्या हातनं अडण सुटता सुटता ऱ्हायली. "कवापासनं?"

"गाठोडं उचललं तवाच हलकं लागलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मी अडण घट्ट केली. केरबानं रेटा दिला. "आज नको बोलू. पोरीच्या सासरचं माणूस आलंय आज. उद्या बोल."

वर पोचलो तवा सूर्य लोहगडाच्या वर हातभर ऱ्हायलाता. टाक्याच्या काठावर सगळी वाडी बसलेली. तीस घरांच्या बाया, म्होरं मोकळे हंडे. बयाबाई मधी. आन् तिच्या शेजारी कोमल, जावई, व्याही, विहीणबाई. घरी कुणी न्हाई म्हणून रेणुकानं त्यांना हितंच आणलंतं. कोमल हिरवा चुडा घालून मोकळ्या टाक्यात बघत व्हती.

केरबानं चिंध्या बांधलेल्या हातानं ओगराळ्याचा दांडा धरला. कसं उचललं देव जाणे. छातीशी धरून टाक्याच्या तोंडाशी हुबा ऱ्हायला.

कोरड्या कातळातनं हात वर आला. बाईचा. कोपरापतोर ओला, पाटल्या घातलेला. हातानं बोटं मिटली, उघडली, मिटली, मोजल्यावानी. मग खालनं आवाज आला. रागाचा न्हवता. घरातली मोठी बाई सांडलेल्या दुधाचं इचारती, तसा.

"कुणी ठिवलंतं?"

"म्या," केरबा म्हणाला.

त्याचे पाय घोट्यापतोर कातळात गेले.

जन्मात खोटं न बोललेल्या माणसाचं खोटं किती जड आसतंय, ते तितं कळलं. माझ्या चार थापांनी ओगराळं पहारीयेवढं झालतं. ह्याच्या येका शब्दानं डोंगर बसला त्याच्यावर.

"कुणी ठिवलंतं?" पुन्यांदा.

"म्याच की."

गुडघ्यापतोर. दात खाऊन हुबा. मानंच्या शिरा दोरासारख्या. बाया वरडल्या. रेणुका पळत म्होरं आली, त्याला वढाय लागली, "भावजी, सोडा ते!" तो सोडंना. सूर्य गडाला टेकला.

माझ्या तोंडात पहिली गंमतच आली, खोटं कशाला बोलू. काहीतरी फिरवून सांगायचं, लोक हसले की निसटायचं, ह्याच्यावर तर जगलोय मी. व्याही माझ्याकडंच बघत व्हता. आमटी तीनदा घेतलेला माणूस. कोमल बघत व्हती. उद्या बोल, केरबा म्हणालाता. पण ज्यानं उद्या दिला तोच माझ्या म्होरं मांडीपतोर खाली चाललाता.

"मी ठेवलं!" मी वरडलो. "हौशीरामनं! त्यानं एकवीस मोजली, बरोबर मोजली. दोरी आणाय गेला तवा मी काढलं. कुत्र्यानं न्हाई, कुणी न्हाई. पायजम्यात घालून घरी न्हेलं. टाक्याला मोजता येतं का बघत व्हतो. पाणी माझ्यामुळं गेलं. त्याला तुमी बोललात, मी ऐकत हुबा व्हतो."

बोलताना येकेक वाक्याला केरबाचा खांदा वर येत गेला. शेवटी ओगराळं त्याच्या हातात आसं झालं, जसं आमटी वाढाय घेतो तसं. मी त्याच्या काखंत हात घातला, रेणुकानं दुसऱ्या, आमी त्याला उपसून काढला. त्यानं ओगराळं म्होरं केलं. हातानं ते घेतलं, उलटं केलं, दांडा, वाटी सगळं निरखलं आन् खाली गेला.

सूर्य बुडाला. टाकं कोरडंच.

बयाबाई मला खाऊ का गिळू करत बघाय लागली. मी म्हन्लं, संपलं. येवढ्यात कोमल म्हणाली, "आप्पा, ते बघा."

केरबाचे पाय रुतले व्हते तितं कातळात दोन भोकं पडलीती, मांडीयेवढी खोल. त्यातनं पाणी वर येत व्हतं. आधी ओल, मग वीतभर, मग काठोकाठ, आन् तितनं टाक्यात सांडाय लागलं. थंडगार, तांब्याचा वास असलेलं.

विहीणबाई सगळ्यात आधी उठली, पदर खोचला, तांब्या बुडवला आन् केरबाच्या हातावर धार धरली. त्याच्या चिंध्या भिजून गळून पडल्या. रेणुका त्याला म्हणाली, "भावजी, जेवाय घरी चला." तो "बरं वैनी" म्हणाला.

व्याही माझ्याजवळ आला. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "हौशीराव, माणूस तुमी कसे आहात ते समजलं. पण दोस्त असला कुटनं मिळवलात?"

आता ह्याला काय सांगू? मिळवला न्हाई म्हन्लं, मिळाला.

बयाबाईनं तितंच निकाल दिला. पाऊस लागंपतोर तीस घरांचं पाणी हौशीरामनं खांद्यावरनं न्ह्यायचं, येकट्यानं. पहिली खेप आत्ताच. केरबानं त्याची कावड आणली, माझ्या खांद्यावर नीट बसवली, दोरी किती सोडायची ते दाखवलं. त्याला वाटलं मला जमणार न्हाई. मलाबी वाटलं. हंडे भरले आन् आमी उतरणीला लागलो, मी कावडीखाली वाकडा, तो म्होरं पाय बघून टाकत, येकेक दगड बाजूला सारत.