दिवसाच्या झोपेचा राखणदार

ओळखलंत का मला, मित्रांनो? रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीतल्या या गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड उभा असलेला जुना कूलर तो मी. अंगाचा पत्रा गंजलाय, वाळ्याच्या ताट्या केव्हाच झडल्यात आणि पोटात कबुतरानं संसार थाटलाय. थाटू दे बापडं. भांडायचं त्राण आता माझ्यात नाही.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका कारागिरानं मला ठोकून तयार केलं. या घरच्या शेखररावांनी मला सायकलरिक्षातून घरी आणलं. ते उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते. राजधानीत जिकडे तिकडे इमारती उठत होत्या, त्यांना सळई लागे. तापून लाल झालेली सळई सांडशीनं धरून पुढच्या फिरत्या रुळांमध्ये घालायची, हे त्यांचं काम. पाळी रात्रीची. जग कामाला लागे तेव्हा ते आडवे होत आणि त्यांची झोप राखणं हे माझं काम. पाच-सहा उन्हाळे मी ते इमानानं केलं. "याच्या हवेत बर्फ आहे," असं ते शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा माझी छाती फुगे.

मग तो उन्हाळा आला. नवऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून वनमालाबाईंनी खिडकीत माझ्या बाजूला उरलेल्या फटीत एक मोठा पातळ पत्रा ठोकून घेतला. खोलीत छान अंधार झाला. पण मी सुरू झालो की खडखड, खडखड असा आवाज उठे.

"बंद कर तो डब्बा! डोकं फुटून राहिलं माझं," शेखरराव अंथरुणातून ओरडत.

"बंद केला तर उकडून मराल. थांबा जी, धीमा करून देते," वनमालाबाई म्हणत आणि माझं बटण सर्वांत मंद चालीवर आणत. माणूस हळू बोलला की आवाज कमी होतो, तसंच कूलरचं असेल असं त्यांना वाटे. खडखड उलट वाढे. त्या बिचाऱ्या म्हणत, "आता याच्याहून धीमा कसा करू?"

मिस्त्री आला, त्यानं तेल घातलं. दुसरा आला, त्यानं पंपच बदलला. चोर सोडून संन्याशाला सुळी! मला तोंड असतं तर सांगितलं असतं. शिव्या मात्र माझ्या वाट्याला आल्या, आणि खरं सांगतो, त्या मला लागायच्या.

एके सकाळी धुणं भिजवताना वनमालाबाईंच्या हाती शेखररावांची पँट आली. पोटरीपाशी तळहाताएवढी जळालेली.

"हे काय झालं जी?"

"काही नाही. उभ्याउभ्या डुलकी लागली अन् सळई जवळून गेली. झोपच नाही होऊन राहिली मले, काय करू?" एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडले. पुन्हा अशी डुलकी लागली तर पायच जाणार होता. वनमालाबाईंनी डोळे पुसले आणि दयाराम भंगारवाल्याला बोलावणं धाडलं.

त्याची हातगाडी दाराशी लागली, तेव्हा त्यांची मुलगी अनुश्री शाळेतून आली. पोट्टी अकरावीत होती, समजायची मराठी आणि बोलायची हिंदी. दयाराम म्हणाला, "मोटर चालते का, दाखवा दीदी." तिनं बटण फिरवलं ते थेट जोरात. मी भरभर फिरलो, आणि खडखड नाही!

"धीमा कर! बाबा झोपले आहेत," वनमालाबाई धावल्या. अनुश्रीनं धीमा केला. खडखड सुरू. जोरात केला. बंद.

ती थबकली. मग पुन्हा मंद चाल लावून तिनं हात ठेवला, माझ्यावर नाही, त्या पत्र्यावर. खडखड तिच्या तळव्याखाली विरली.

"आई, कूलर नहीं, ये पत्रा बज रहा है! झूले को उसी के ताल में धक्का दो तो कितना ऊँचा जाता है ना? धीमी चाल में कूलर का धक्का और पत्रे का ताल एक हो जाता है. मॅडम ने आज ही पढ़ाया, अनुनाद."

मित्रांनो, माझं थरथरणं थोडंसंच होतं. मंद चालीत ते त्या पत्र्याच्या तालाशी जुळे आणि दुप्पट-चौपट होई. जोरात फिरलो की ताल चुके.

वनमालाबाईंनीही पत्र्यावर हात ठेवून बघितला. "म्हणजे पत्राही मीच ठोकला, अन् धीमाही मीच केला. दोन महिने माझ्याच हातानं यांची झोप मोडली."

"आपने तो प्यार से किया," अनुश्री म्हणाली. तिनं तुटक्या रबरी चपलेचा एक तुकडा कापून पत्र्यामागे खोचला, तशी खडखड थांबली. दयाराम रिकामी गाडी घेऊन निघाला, पण जाताना हसला.

शेखरराव त्या दिवशी सरळ दिवेलागणीला उठले. गालावर उशीच्या सुरकुत्या होत्या.

"आज कूलर बंद ठेवला होता काय?"

"नाही जी," वनमालाबाई म्हणाल्या. "या उन्हाळ्यात आज पहिल्यांदा पूर्ण जोरात चालवला."

पुढे घरात एसी आला आणि मी गच्चीवर. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, बाळांनो: दमून खडखडणारं कुणी दिसलं, यंत्र असो की माणूस, तर ओरडण्याआधी हात ठेवून बघा. शेखररावांचे दोन्ही पाय शाबूत आहेत. अजूनही संध्याकाळी ते जिना चढून वर येतात आणि कबुतराला दाणे टाकतात.