पाच पायांचा घोडा

"आजोबा, खरं सांगा, तुमचा अंदाज आजवर एकदा तरी बरोबर आलाय का?"

प्रश्न खरं तर कोनात्सुचा नव्हताच. शिओरी आणि आकाने या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "विचारून दाखव, नाहीतर तू भित्री!" आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून कोनात्सुला भित्री म्हणून घेणं मुळीच परवडत नव्हतं. तेव्हापासून तिचा आवाज खाली यायलाच तयार नव्हता.

घोळ एवढाच झाला, की अख्ख्या गावाचे आजोबा असलेल्या यासोकिचींच्या पुढ्यातल्या माईकचा लाल दिवा अजून चालू होता.

युनोताइरा गावात खांबाखांबावर मिळून बेचाळीस कर्णे. रोज सकाळी साडेसहाला त्यातून आजोबा सांगणार, मैदानातल्या काठीवर बर्फ किती, आज किती पडेल, कुठल्या छपराखालून जाऊ नका. अडतीस वर्षं हा नेम. त्या सकाळी अख्ख्या गावाने मिसोच्या साराचा वाडगा तोंडाशी नेता नेता कोनात्सुचा प्रश्न ऐकला. मग कर्ण्यांतून नुसती खरखर आली. मग आजोबांचं खाकरणं.

"किडा खोटं बोलला," आजोबा म्हणाले. "मी नाही."

किडा म्हणजे प्रार्थनाकीटक, नाकतोड्यासारखा दिसणारा. तो शरद ऋतूत झुडपावर अंडी घालतो, आणि ती जितकी उंच, तितका बर्फ खोल, अशी गावाची पक्की समजूत. यंदा किड्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर अंडी घातली होती. आजोबांनी "यंदा हलका हिवाळा" असं जाहीर केलं, आणि जानेवारीतच काठीवर दोन मीटर सत्तर! अंडी कुठल्या कुठे गाडली गेली.

"मग माईक किड्यालाच द्या ना," कोनात्सु म्हणाली. तेही बेचाळीस कर्ण्यांतून गेलं.

मागे शिओरी आणि आकाने मफलर तोंडात कोंबून हसत होत्या. आजोबांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

"ऐक गं, छोट्या उन्हाळ्या!" कोनात्सु या नावाचा अर्थ तोच, आणि ऐन हिमवादळात जन्मलेल्या पोरीला हे नाव ठेवल्याबद्दल आजोबा तिच्या बापाला अजून चिडवत. "मागच्या डोंगरावर घोडा कधी निघतो ते तू सांग, मी सांगतो. तुझं बरोबर आलं तर माईक तुझा. माझं आलं, तर याच माईकवर माझी माफी मागायची. गाव साक्षीला आहे."

साक्षीला होतंच, दिवा अजून चालू होता.

घोडा म्हणजे डोंगराच्या उतारावरचा. वसंतात तिथला बर्फ वितळत जातो आणि काळ्या मातीचा घोडा दिसायला लागतो. चारही पाय आणि शेपूट दिसली की गावातली माणसं भाताचं बियाणं भिजत घालतात. कॅलेंडर काही का म्हणेना, घोडा म्हणेल तेच खरं.

आजोबांनी वीस एप्रिल सांगितली. कोनात्सुने तीन वह्या, मोबाइलवरचे उपग्रहाचे नकाशे आणि काठीचे रोजचे आकडे मांडून अठ्ठावीस सांगितली. मधल्या दोन महिन्यांत तिने हवामानाचाही अंदाज वर्तवून पाहिला. एकदा बाबांना म्हणाली, "उद्या लख्ख ऊन, निवांत झोपा." बाबा गावाचं बर्फ हटवायचं यंत्र चालवत. ते निवांत झोपले. पहाटे पासष्ट सेंटिमीटर! दुपारपर्यंत दूधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे घरातच अडकले. बाबा आठवडाभर तिला "हवामान खातं" म्हणत होते.

एप्रिल उजाडला. सोळा तारखेला दोनच पाय दिसत होते, पण ऊन असं काही तापलं, की कोनात्सुने वही उघडून पुन्हा हिशेब मांडला. या गतीने घोडा वीस तारखेलाच निघणार! शाळा सुटल्यावर तिने फावडं घेतलं, वेताचे बर्फावरचे जोडे बांधले आणि डोंगर चढली. थोडासा ताजा बर्फ पायांवर टाकायचा, बस. आठ दिवसांचा तर प्रश्न होता. याला फसवणूक म्हणायचं की निसर्गाला मदत, यावर तिने वाटेत स्वतःशीच वक्तृत्व केलं आणि स्वतःलाच पहिला नंबर दिला.

घोड्याच्या पोटापाशी पोचली आणि थबकली. तिथे एका पिशवीवर यासोकिची आजोबा बसले होते. भाताच्या तुसाची राख होती पिशवीत. शेतातला बर्फ लवकर वितळावं म्हणून सगळेच पसरतात ती.

"आजोबा!!"

तिचा आवाज स्पर्धेतलाच होता. आजोबा दचकून उठले, पिशवी सुटली, उतारावर दोन कोलांट्या मारून फुटली आणि काळी राख वाऱ्याने उताराभर उधळली. पिशवी मात्र घोड्याच्या पोटापासून थेट खाली, एक सरळ काळी रेघ ओढत गेली.

दोघं तोंडं उघडी टाकून बघत राहिले.

"तुम्ही राख पसरायला आला होता?"

"आलो होतो. तासभर बसून होतो. हात उचलेना." त्यांनी तिच्या फावड्याकडे पाहिलं. "आणि तू काय, डोंगराची केशरचना करायला?"

कोनात्सुने फावडं पाठीमागे लपवलं.

"अडतीस वर्षं," आजोबा बर्फाशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हातारी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही गं. सकाळचं ते एवढंच बोलणं. ते गेलं की दिवसभर काय, किटलीशी गप्पा मारू?"

खाली उतरताना तिने त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

चार दिवस कडक ऊन पडलं. राखेने आपलं काम चोख केलं. वीस तारखेला, बरोब्बर वीस तारखेला, घोडा निघाला. चार पाय, शेपूट, आणि पोटाच्या मधोमध एक पाचवा पाय.

गाव हसून हसून लोळलं. "यंदा घोडा जास्त जोरात धावणार!" वाण्याच्या दुकानात लोक आजोबांची पाठ थोपटत होते, आणि आजोबा बुटांकडे बघत होते. सकाळच्या बातमीत त्यांनी फक्त काठीचा आकडा सांगितला. घोड्याचं नावसुद्धा काढलं नाही.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. शाळेतून येताना कोनात्सुने पाहिलं, शिओरीची आई अंगणात पिंप धूत होती. "उद्या बियाणं भिजवायचं ना!" कोनात्सुच्या वहीत पंचवीस तारखेला कडाक्याची थंडी होती. गुलाल उधळावा तशा उधळलेल्या राखेवर विश्वास ठेवून गावाने बियाणं भिजवलं, तर ते कुजणार. गप्प बसलं, तर आजोबांचा माईक वाचतो आणि तिचं गुपितही. बोललं, तर?

रात्रीच्या जेवणात तिने भाताला हात लावला नाही. चॉपस्टिकने लोणच्याचा तुकडा इकडून तिकडे ढकलत राहिली.

"हवामान खातं आज शांत आहे," बाबा म्हणाले. "वादळाची लक्षणं."

"आजारी आहेस का गं?" आईने तिच्या कपाळाला हात लावला.

कोनात्सुने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि पाठ ताठ केली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या साडेसहाला मी माईकवर बोलणार. बियाणं भिजवू नका म्हणून सांगणार, घोडा अजून निघालेला नाही. मी फावडं घेऊन वर गेले होते, माझ्या ओरडण्याने राखेची पिशवी फुटली, तो पाचवा पाय माझा आहे. गावासमोर त्यांना हिणवलं म्हणून आजोबांची माफीही मागणार. आणि पुढच्या हिवाळ्यापासून रोज पहाटे पाचला उठून काठी मी वाचणार, पण आकडा आजोबाच सांगणार. माईक मला नको. बाबा, हसू नका, मी खरंच उठणार आहे!"